भर दुपारचे शिकारी आणि दोन पांढरे पतंग

मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे किड्यांसारख्या बारीक गोष्टींचे अगदी जवळून फोटो, करणाऱ्यांमध्ये एक गोष्ट इतक्या वेळा सांगितली जाते की ती आता नियमच होऊन बसलीय. पहाटे जा, दव असतं, किडे गारठलेले असतात, हलत नाहीत, उजेड मऊ असतो, आठ वाजले की कॅमेरा बॅगेत टाका आणि घरी या. झोपलेलं फुलपाखरू हवं असेल, टाचणी नावाच्या किड्याच्या पंखांवर दवाचे थेंब हवे असतील तर हे अगदी बरोबर आहे, मीही जाते पहाटे कधीकधी. पण माझा खरा जीव आहे शिकारी किड्यांमध्ये, आणि शिकार काही पहाटे होत नाही. रॉबर फ्लाय नावाची माशी, चतुर, टायगर बीटल नावाचा भुंगेरा हे सगळे उन्हाचे प्राणी. त्यांचं रक्त आपल्यासारखं आपोआप गरम राहत नाही, ऊन तापलं की शरीर तापतं, मग उडण्याचे स्नायू नीट चालायला लागतात आणि मग ते जे काही करतात ते बघायचं असेल तर ज्या वेळेला सगळे म्हणतात की आता लाइट गेला, आता काही मिळणार नाही, नेमकं त्याच वेळेला घराबाहेर पडावं लागतं.

आणि बडोद्याचं ऊन म्हणजे तुम्हाला माहीतच आहे. आपलं गाव कर्कवृत्ताच्या जरा खाली, साधारण २२.३ अंशावर, त्यामुळे वर्षातून दोनदा, जूनच्या सुरुवातीला आणि मग जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, खांबाची सावली खांबाच्या पायातच राहते. जुलैमध्ये ढग असतात म्हणून ते कळत नाही पण जूनच्या पहिल्या आठवड्यात कळतं. फोटोच्या भाषेत सांगायचं तर उजेड सरळ वरून पडतो, म्हणजे किड्याची पाठ पांढरीफटक, पोट आणि तोंड काळंकुट्ट, आणि ज्या पानावर तो बसलाय ते पान इतकं चमकतं की त्याचा हिरवा रंगच निघून जातो. डोळ्यांच्या खालचा भाग, जिथे शिकाऱ्याची सगळी हत्यारं असतात, जबडे, सोंड, पुढचे पाय, तो नेमका अंधारात. त्यामुळे लोक म्हणतात ते खोटं नाही की दुपारचा उजेड वाईट, पण वाईट आहे म्हणून जायचंच नाही हे मला पटत नाही, त्या उजेडाचं काहीतरी केलं पाहिजे.

आता ऊन कडक का वाटतं तर सूर्य प्रचंड असला तरी इथून आपल्याला तो आकाशात फक्त अर्धा अंश दिसतो, म्हणजे फोटोच्या दृष्टीने तो एक टिपका आहे. एवढ्याशा जागेतून येणाऱ्या उजेडाची सावली सुरीने कापल्यासारखी पडते आणि किड्याच्या गुळगुळीत पाठीवर त्या टिपक्याचं प्रतिबिंब पडून पांढरा ठिपका जळतो, तो मग रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही न बदलता ठेवलेल्या मूळ फाइलमध्येसुद्धा परत येत नाही. उपाय एकच, टिपका मोठा करायचा. सूर्य आणि किडा यांच्यामध्ये काहीतरी अर्धपारदर्शक, समजा कागद, धरलं की किड्यासाठी उजेड सूर्याकडून येत नाही, त्या कागदाकडून येतो, आणि कागद जितका जवळ तितका किड्याला तो मोठा. दोन सेंटिमीटरच्या माशीपासून १५ सेंटिमीटरवर ३० सेंटिमीटर रुंद कागद धरला तर तिच्यासाठी अर्ध्या अंशाचा उजेड ९० अंशांचा होतो. हे गणित एकदा डोक्यात बसलं ना की महागडं सामान घ्यायची गरजच संपते. माणसांच्या फोटोसाठी हेच काम करायला केवढी मोठी चादर लागते, आपल्याला वीतभर कागद पुरतो.

आणि कागद आपल्या गावात कमी आहे का? उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, झालं की घराघरात माळ्यावर उडवायचे कागदी पतंग पडलेले असतात. पांढरा साधा पतंग घ्यायचा, किन्ना, म्हणजे मांजा बांधायची दोरी, काढून टाकायचा, ढढ्ढो आणि कमान या दोन काड्या आधीच लावलेल्या असतात म्हणजे फ्रेम फुकट मिळाली, वजन जवळजवळ नाहीच. एक पतंग थोडा कमी पडतो, उजेड मऊ होतो पण सावलीची धार राहते, म्हणून मी दोन पतंग एकावर एक ठेवून कडेला चिकटपट्टी लावते, मधे जरा पोकळी राहिली तर आणखी चांगलं. बटर पेपर, ट्रेसिंग पेपर, टीव्हीच्या खोक्यातून येतो तो पांढरा पातळ फोम, हे सगळं चालतं, फोम तर फ्लॅशवर लावायला उत्तमच आहे, पण उन्हात हातात धरायला पतंगासारखं काही नाही कारण तो हलका असल्यामुळे हात दुखत नाही. वारा असेल तेव्हा मात्र तो फडफडतो आणि फडफडला की किडा गेला, त्या दिवशी फोमचा तुकडा गत्त्याच्या चौकटीत लावून न्यायचा.

पतंग कसा आणायचा हेही शिकावं लागतं. एकदम वरून सावली पडली की किडा उडतो, त्याच्यासाठी वरून येणारी सावली म्हणजे पक्षी. त्यामुळे आधी कॅमेरा घेऊन आपण जवळ जायचं, सूर्य आपल्या डाव्या किंवा उजव्या बाजूला राहील असं, पाठीमागे अजिबात नको म्हणजे आपली सावली त्याच्यावर पडणार नाही, आणि चालायचं ते सरळ त्याच्याच दिशेने, डावीकडे उजवीकडे न हलता. या किड्यांच्या डोळ्यांना आडवी हालचाल लगेच कळते, समोरून हळूहळू मोठी होत जाणारी गोष्ट उशिरा कळते. तुम्ही जागेवर बसलात, तो स्थिर आहे, मग पतंग बाजूने, जमिनीच्या लेव्हलवरून, सावकाश वर सरकवत आणायचा, म्हणजे सावली त्याच्या पायाकडून येते. माझ्याबरोबर माझा भाचा येतो, नववीत आहे, त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर. पहिल्यांदा त्याला हे काम दिलं तेव्हा तो म्हणाला, "आत्या, एवढं हळू? माझा हात झोपेल." मी म्हटलं, "अरे झोपू दे, पण हलवू नकोस." आता तो मलाच सांगतो, "आत्या, तू श्वास जोरात घेतेस."

रॉबर फ्लायपासून सुरू करा असं मी सगळ्यांना सांगते. ही माशीच आहे, घरातल्या माशीसारखी दोनच पंख असलेली, पण अंगाने लांबट, पाय काटेरी, आणि डोकं जवळून बघितलं की ओळखायला एक पक्की खूण म्हणजे दोन डोळ्यांच्या मध्ये डोक्याचा माथा खाली दबलेला असतो, जणू कुणी अंगठ्याने दाबलाय. जगात यांच्या ७,००० हून जास्त जाती नोंदवलेल्या आहेत आणि आपल्याकडे पाऊस संपत आला की नवरात्राच्या आसपास जिथे मोकळं गवत आणि वाळलेल्या काड्या आहेत तिथे त्या दिसतातच. तोंडावर राठ केसांची मिशी असते, ती शोभेची नाही, शिकार तडफडते तेव्हा तिच्या नांगीपासून आणि पायांपासून चेहरा वाचवायला असते. कारण ही माशी गांधीलमाशीला, मधमाशीला, भुंग्याला, कधी चतुरालासुद्धा हवेत पकडते, सोंड खुपसते, लाळ आत सोडते, त्या लाळेत नसा बधिर करणारं आणि आतलं मांस विरघळवणारं असं दोन्ही असतं, आणि मग ते पातळ झालेलं सगळं शोषून घेऊन रिकामं टरफल टाकून देते.

तिची एक सवय आपल्या फार उपयोगाची. ती एक काडी ठरवते, तिथून उडते, झडप घालते आणि खूपदा त्याच काडीवर किंवा शेजारच्या काडीवर परत येऊन बसते. म्हणून तिच्या मागे धावायचं नाही. काडी शोधायची, काडीजवळ बसायचं, फोकस काडीच्या टोकावर आधीच लावून ठेवायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती शिकार घेऊन परत आली की खाण्यात दंग असते, कित्येक मिनिटं हलत नाही, तेव्हा तुम्ही अगदी जवळ जाऊ शकता, १०० एमएमच्या लेन्सने वन इज टू वन मॅग्निफिकेशनला, म्हणजे सेन्सरवर किडा त्याच्या खऱ्या मापाएवढा पडतो तेव्हा, लेन्सच्या तोंडापासून किडा जेमतेम १४-१५ सेंटिमीटरवर असतो, एरवी एवढं जवळ तिने येऊच दिलं नसतं. डाव्या हाताने काडी खालून हलकेच धरायची आणि लेन्स त्याच मनगटावर टेकवायची, मग काडी हलली तर कॅमेराही तिच्याबरोबर हलतो आणि फोकस टिकतो. ही युक्ती जमली की उन्हातल्या वाऱ्याची अर्धी कटकट संपते.

या माशीच्या नजरेबद्दल एक गोष्ट वाचली तेव्हापासून माझा तिच्याबद्दलचा आदर फारच वाढला. २०१७ साली केंब्रिजच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या एका छोट्या रॉबर फ्लायवर, होल्कोसेफाला म्हणून आहे, जेमतेम ६ मिलिमीटरची, काम प्रसिद्ध केलं. मासेमारीच्या बारीक दोरीवर मणी लावून ते मणी मोटरने पळवायचे आणि माशी कशी झेपावते ते हायस्पीड कॅमेऱ्याने टिपायचं. दिसलं असं की ती मण्याच्या मागे जात नाही, तो पुढे जिथे असणार आहे तिथे जाते, आणि साधारण ३० सेंटिमीटरवर आली की स्वतःचा वेग आणि वाट बदलून शिकारीच्या बरोबरीने उडायला लागते, मग पकडते. तांदळाच्या दाण्याएवढी माशी, तिच्या डोक्यात मेंदू तो केवढा, आणि हा हिशोब ती उडता उडता करते. हे माहीत असलं की व्ह्यूफाइंडरमधून तिचा डोळा बघताना वेगळंच वाटतं.

आता सेटिंगचं बोलू, कारण उन्हात सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. जुना सनी सिक्स्टीनचा हिशोब धरा, लख्ख उन्हात एफ (लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) १६ ठेवलं की शटर आयएसओइतकं (आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता), म्हणजे आयएसओ १०० ला एफ १६ आणि १/१००, किंवा तेवढाच उजेड देणारं एफ ११ आणि १/२००. पण वन इज टू वनला लेन्स स्वतःच दोन स्टॉप उजेड खाते (प्रत्येक स्टॉपला उजेड निम्मा होतो), अर्ध्या मॅग्निफिकेशनला सव्वा स्टॉपच्या आसपास, आणि एक पतंग मधे आला की आणखी एक स्टॉप गेला. म्हणून मी अर्ध्या मॅग्निफिकेशनला आयएसओ ४००, वन इज टू वनला ८००, एफ ११, १/२०० असं धरून चालते, दोन पतंग असतील तर अजून थोडं वर. १/२०० का, तर बहुतेक कॅमेऱ्यांचा फ्लॅश सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात वेगवान शटर, १/२०० किंवा १/२५० पाशी थांबतो आणि मला फ्लॅश वापरायचा असतो, पण मुख्य उजेड म्हणून नाही. इथे माझं मत बऱ्याच मॅक्रोवाल्यांपेक्षा वेगळं आहे. उन्हाचा त्रास टाळायला ते आयएसओ १०० ठेवून फ्लॅशच जोरात मारतात, किडा सुंदर उजळतो, शार्प येतो, पण मागचं सगळं काळं होतं, आणि भर दुपारी बारा वाजता काढलेला फोटो मध्यरात्री काढल्यासारखा दिसतो. किडा रात्रीचा असेल तर ठीक आहे. रॉबर फ्लायच्या मागे काळोख दाखवणं म्हणजे तिची राहण्याची जागाच काढून घेणं. मागे तापलेलं पिवळं गवत दिसलं पाहिजे, आकाश दिसलं पाहिजे, दुपार आहे हे कळलं पाहिजे.

म्हणून मुख्य उजेड उन्हाचाच, पतंगातून गाळलेला, आणि फ्लॅश फोम लावून खालच्या बाजूने, दीड स्टॉप कमी करून, फक्त तोंडाखालचा आणि पोटाखालचा अंधार उठवायला. फ्लॅश नसेल तर पांढऱ्या कार्डबोर्डचा तुकडा काडीच्या खाली धरा, त्यानेही खूप फरक पडतो, मिठाईच्या डब्याचं आतलं चंदेरी झाकण असेल तर फारच जास्त उजेड येतो, ते जरा लांब धरावं लागतं. एक्सपोजर नेहमी हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, बघून ठरवायचं. कॅमेऱ्यात जळलेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते ती चालू ठेवा, पंखाच्या शिरेवर किंवा डोळ्यावर लुकलुक दिसली की दोन तृतीयांश स्टॉप खाली या, काळं राहिलेलं रॉमधून वर आणता येतं पण जळलेलं आणता येत नाही. आणि एफ ११ च्या पुढे जायचा मोह आवरा. एफ ११ ला वन इज टू वनवर क्रॉप सेन्सरला (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) जेमतेम एक मिलिमीटरच्या आत सगळं फोकसमध्ये असतं, हे कमी वाटतं म्हणून लोक एफ २२ करतात आणि मग डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे लहान छिद्रातून उजेड पसरल्यामुळे, डोळ्याची बारीक जाळीच पुसली जाते, जिच्यासाठी एवढ्या उन्हात गेलो तीच. त्यापेक्षा कॅमेऱ्याचं सेन्सर किड्याच्या अंगाला समांतर आणा, बाजूने काढा, तोच एक मिलिमीटर डोळ्यापासून शेपटापर्यंत पुरतो.

टायगर बीटलसाठी मी सिंधरोट गावाला मही नदीच्या वाळूवर जाते. हा भुंगेरा पायाने शिकार करतो, वाळूवरून इतका जोरात पळतो की डोळ्याला फक्त रेघ दिसते. ऑस्ट्रेलियातल्या एका जातीचा वेग सेकंदाला अडीच मीटरपर्यंत मोजलेला आहे, तेवढ्याशा अंगाच्या मानाने तो केवढा झाला विचार करा. आणि गंमत म्हणजे एवढ्या वेगात त्याच्या स्वतःच्या डोळ्यांना पुढचं नीट दिसत नाही, पुरेसा उजेड गोळा व्हायच्या आतच चित्र पुसलं जातं, म्हणून तो पळतो, थांबतो, बघतो, परत पळतो, आणि पळताना स्पर्शिका पुढे ताठ धरतो म्हणजे मधे काही आलं तर आधी त्यांना लागेल. फोटो त्या थांबण्यातच काढायचा असतो. तो थांबला की तुम्ही दाबलेलं असलं पाहिजे, थांबला हे बघून दाबलं तर गेला.

वाळू तापली की तो आणखी एक करतो, पाय ताठ करून अंग वर उचलतो, जणू टाचा उंचावून उभा आहे, कारण अगदी वाळूलगतची हवा सगळ्यात तापलेली असते आणि जरासं वर अंग गेलं तरी त्याला बरं पडतं. हा उभा राहिलेला पोज मला सगळ्यात आवडतो, आणि तो सकाळी सातला मिळतच नाही, त्यासाठी वाळू तापावीच लागते. पण फार तापली की दुसरी अडचण. पालथं पडून ३०० एमएमने लांबून काढायला गेलं तर वाळूवरची हवा थरथरते आणि प्रत्येक फोटो आउट ऑफ फोकस वाटतो, फोकस बरोबर असतो, हवाच हलत असते. तेव्हा लांबून काढायचं सोडून द्यायचं आणि कोपरांवर सरकत जवळ जायचं. खाली गोणपाट हवंच, नाहीतर कोपर भाजतात. त्याच्या पाठीचा हिरवा तांबूस चकाकता रंग हा रंगद्रव्याचा नाही, वरच्या कवचातल्या बारीक थरांवरून उजेड परतताना तयार होतो, म्हणून उघड्या उन्हात नुसता पांढरा चट्टा येतो आणि पतंगाखाली तोच रंग भरभरून येतो. भारतात यांच्या २०० हून अधिक जाती आहेत आणि वाळू, चिखल, जंगलातली पायवाट अशा वेगवेगळ्या जमिनी त्यांनी वाटून घेतलेल्या आहेत, नदीतली वाळू उपसली की त्या वाळूतल्या अळ्यांची बिळं तिच्याबरोबर जातात हेही इथे सांगायलाच हवं.

तिथेच भेंडीच्या शेताच्या कडेला बसले होते तेव्हा एक शेतकरी काका येऊन उभे राहिले. "बेन, आटला तडकामां शुं जुओ छो?" म्हणजे ताई, एवढ्या उन्हात काय बघताय? मी म्हटलं माखी, माशी. त्यांना खरं वाटेना, मग कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर मोठी करून दाखवली, मधमाशी पकडलेली रॉबर फ्लाय. त्यांनी डोळ्यावर हात धरून नीट बघितलं आणि म्हणाले ही तर आमच्या कुंपणाच्या तारेवर रोज बसते, नाव माहीत नाही पण मधमाशीला उचलताना पाहिली आहे. मग त्यांनीच मला ती तार दाखवली, आणि त्या तारेवर मला माझे सगळ्यात चांगले फोटो मिळाले. शेतात काम करणारा माणूस दुपारभर त्या उन्हातच असतो, त्याला जे दिसतं ते आपल्याला एका सुट्टीत कुठून दिसणार.

चतुरांसाठी मात्र जागा विचार करून निवडा. आपल्या विश्वामित्री नदीत मगरी आहेत, गावाच्या मधोमध, हे बडोदेकरांना सांगायला नको पण बाहेरून येणाऱ्यांना सांगते, किनाऱ्यावर पालथं पडून लो अँगल घ्यायची ही जागा नव्हे, आजवा तलावाचा काठही नाही, आणि आसपासच्या गावतळ्यांतही आधी गावात विचारल्याशिवाय पाण्याजवळ वाकायचं नाही. मी कमाटी बागेत जाते, १८७९ पासूनची बाग, मोठी झाडं आणि मोकळं गवत दोन्ही आहे, चतुर पाण्यापासून बरेच लांब येऊन काड्यांवर बसतात. हिवाळ्यात पक्षी बघायला सगळे वढवाण्याच्या तलावावर जातात, २०२१ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे, तिथे पाण्यापासून लांबच्या बांधावरच्या गवतात चतुर भरपूर, पक्षीवाल्यांच्या मोठ्या लेन्स वर असतात तेव्हा माझी खाली असते.

चतुराचा दुपारचा एक फोटो प्रत्येकाने काढावाच. ऊन असह्य झालं की काही जातींचे चतुर शेपूट सरळ सूर्याकडे रोखून उभे राहतात, अंगाचा कमीत कमी भाग उन्हात यावा म्हणून. सूर्य जसा सरकतो तशी शेपटीची दिशा सरकते, आणि आपल्याकडे सूर्य जूनमध्ये डोक्यावर असला की चतुर काडीवर अक्षरशः शीर्षासन करतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला दुपारी सूर्य ६५ अंशांच्या आसपास असतो तेव्हा शेपूट तिरकी. या फोटोला मी पतंग धरत नाही. पतंग धरला की त्याला सावली मिळते आणि तो शेपूट खाली घेतो, ज्या गोष्टीचा फोटो काढायचा तीच संपते. इथे कडक ऊन हाच फोटोचा विषय आहे, तर सावली कडकच हवी. सूर्य थोडा समोर घ्यायचा, म्हणजे पंखांमधून उजेड आरपार येतो आणि शिरांची जाळी उजळते, चेहऱ्यासाठी थोडा फ्लॅश.

चतुर शिकारीला निघणार हे आधी कळतं. बसल्या बसल्या त्याचं डोकं झटक्याने वळतं, वरून जाणाऱ्या प्रत्येक चिलटावर. डोक्यात प्रत्येकी हजारो भिंगांचे दोन डोळे, मोठ्या जातींत एका डोळ्यात ३०,००० च्या घरात, आणि हवेत असताना अंग कसंही वळलं तरी डोकं शिकारीवर रोखलेलं राहतं. प्रयोगात त्याच्या झडपा ९० टक्क्यांहून जास्त वेळा यशस्वी झालेल्या आहेत, वाघाच्या नशिबी याच्या जवळपासही नाही. डोकं दोनतीनदा वळलं की बर्स्ट, म्हणजे एकामागून एक भराभर फोटो, सुरू करा. ऑर्थेट्रम सबायना नावाचा हिरवा काळा चतुर, ग्रीन मार्श हॉक म्हणतात त्याला, तो मिळाला तर सोडू नका, दुसऱ्या चतुरांना आणि फुलपाखरांना धरून खातो आणि खात असताना रॉबर फ्लायसारखाच जवळ येऊ देतो.

मँटिसबद्दल, म्हणजे पुढचे पाय जोडून बसणाऱ्या प्रार्थना कीटकाबद्दल, थोडंच सांगते, ती उन्हात सगळ्यात सोपी कारण पळत नाही. तिच्या डोळ्यात जो काळा ठिपका दिसतो तो खरा बुबुळ नसतो, डोळ्याची जी भिंगं नेमकी आपल्याकडे रोखलेली असतात त्यांत शिरलेला उजेड परत येत नाही म्हणून तिथे काळं दिसतं, त्यामुळे तुम्ही कुठेही बसा ती तुमच्याकडेच बघतेय असं वाटतं. दोन्ही डोळ्यांत ठिपका येईल असा अँगल घेतला की फोटो जिवंत होतो. तिच्या थ्रीडी नजरेवर न्यूकॅसल युनिव्हर्सिटीत मेणाने छोटे चष्मे चिकटवून प्रयोग झाले होते, २०१६ मध्ये ते फोटो बरेच फिरले होते, तुम्हीही बघितले असतील.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. उन्हात हे किडे हातात येत नाहीत म्हणून काही लोक त्यांना पकडून फ्रिजमध्ये ठेवतात, गारठले की फुलावर मांडतात आणि फोटो काढतात. असे फोटो ओळखू येतात, पाय चुकीच्या ठिकाणी, पकड सैल, रॉबर फ्लाय गुलाबाच्या पाकळीवर कशाला बसेल. हे करू नका. किड्याला त्रास होतो हे तर आहेच, पण जे बघायला आपण आलो, त्याची चपळाई, त्याची निवडलेली काडी, त्याचं उन्हाशी वागणं, ते सगळं त्या फोटोत नसतं.

स्वतःची काळजीही घ्या. मे महिन्यात इथे पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा मी साडेअकराला थांबते आणि छास पिऊन घरी. काळा कॅमेरा उन्हात ठेवला की हात लागत नाही इतका तापतो, ओला पंचा पिळून त्यावर टाकून ठेवायचा, लेन्सला पाणी लागणार नाही असं. डोळ्यात घाम जातो म्हणून कपाळाला रुमाल बांधते. खरा सीझन सप्टेंबरच्या उघाडीपासून दिवाळीपर्यंत, गवत उंच, किडे भरपूर, ऊन कडक पण सोसवेल असं.

आणि फोटो काढलात की एकच सुंदर फोटो ठेवून बाकीचे डिलीट करू नका. रॉबर फ्लायची जात ओळखायला पंखांच्या शिरा, स्पर्शिकेचं टोक, पायावरचे काटे, मिशीचा रंग हे सगळं लागतं, चतुराला पंखाच्या मुळाशी असलेला डाग आणि शेपटीचं टोक, टायगर बीटलला पाठीवरची पांढरी नक्षी वरून पूर्ण दिसायला हवी. म्हणून एक बाजूने, एक वरून, एक समोरून असे घ्या, कलात्मक नसले तरी चालतील, आणि जागा आणि तारखेसकट आयनॅचरलिस्टवर किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर, या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइट्सवर टाका. पक्ष्यांच्या मानाने आपल्या भागातल्या या माश्यांचे फोटो फारच कमी चढवले जातात. बडोद्यातल्या कुणाला महीच्या कोतरांमध्ये किंवा डभोईकडे रॉबर फ्लाय बसणाऱ्या तारा, कुंपणं माहीत असतील तर मला जरूर कळवा, या ऑक्टोबरात मी आणि भाचा प्रत्येक रविवारी बाहेर आहोत.